बिसगोरच्या बागेतला रिकामा खड्डा

१

खड्ड्यात काहीच नव्हतं.

एस्बेननं फावडं बाजूला टाकलं, गुडघ्यांवर बसून हातांनी माती चाचपली आणि वर बघत खांदे उडवले. सफरचंदाच्या झाडाखाली कॉफीचे कप घेऊन उभी असलेली मंडळी पुढे सरकली. काठी टेकत इंगेलीसे बिसगोर कडेला आली, आत डोकावली आणि म्हणाली, "संपली. मातीनं पुरती खाल्ली."

टाळ्या पडल्या. शेजारचा म्हातारा कोळी ओरडला, "इंगेलीसे, माझंही इतकंच झटपट उरक गं बाई! पोरांना थडग्यावरची फुलं बदलत बसायला नको!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बिसगोरच्या लॅम्पशेड्स बुरशीच्या असतात. भुशात बुरशीचे तंतू वाढवायचे, साच्यात त्यांना हवा तो आकार घेऊ द्यायचा, मग भट्टीत घालून बुरशी मारायची आणि वरून दूध आणि जवसाच्या तेलाचा लेप द्यायचा. दिव्याचा कंटाळा आला तर शेड बागेत पुरा, असं इंगेलीसे गिऱ्हाइकांना सांगते. ते खरं आहे हे दाखवायला दर ऑक्टोबरात ती नव्या घडणीतली एक शेड स्वतःच्या बागेत पुरते आणि पुढच्या जूनमध्ये, सांक्त हान्सच्या उन्हाळी सणाला, संध्याकाळची शेकोटी पेटायच्या आधी, साऱ्या बेटासमोर उकरून काढते. दर वर्षी खड्ड्यात थोडा चुरा आणि एक काळपट डाग उरलेला असतो. लोक तो बघतात, केक खातात आणि घरी जातात.

पण गेल्या शरदात इंगेलीसेनं भुशात पहिल्यांदाच समुद्रगवत मिसळलं होतं. हेच गवत इथल्या जुन्या घरांच्या छपरांवर असतं, आणि ज्यांनी ते घातलं त्यांच्या नातवंडांची नातवंडंही त्याच छपराखाली राहतात. एका हिवाळ्यात ते मातीत नाहीसं होत नाही. बुरशी जाईल, भुसा जाईल, पण काळ्या केसांसारखे गवताचे धागे खड्ड्यात राहायलाच हवे होते.

मी मूठभर माती उचलली आणि बोटांमधून गाळली. एकही धागा नाही.

माझ्या खांद्यामागून कुणीतरी हळूच विचारलं, "गवत कुठे गेलं?"

ती सुनेवा होती, वर्कशॉपमध्ये लेप लावणारी. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

२

माझं नाव आस्ता. मी वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शिक्षण संपल्यावरची ही माझी पहिलीच नोकरी. मला बेटावर बोलावलं ते मेरेटे क्रागनं. ती हॉटेलांच्या एका साखळीची खरेदी बघते, आणि तिला किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलात प्रत्येक खोलीत बिसगोरची शेड हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी करार व्हायचा होता. ही वस्तू मातीत जाते, अशी माझी सही त्यासाठी लागणार होती. मी येणार हे त्या सकाळपर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हतं. मेरेटेला आधी सांगून तपासणी करायची सवय नाही.

या करारावर सुनेवाचं सगळं अवलंबून होतं. इंगेलीसेचं वय झालं होतं, कमरेचं हाड बदलून झालं होतं. हॉटेलचं काम मिळालं तर वर्कशॉप सुनेवाच्या हाती द्यायचं असं तिनं कबूल केलं होतं. नाही मिळालं तर वर्कशॉप बंद, आणि त्याच्या माडीवरची सुनेवाची खोलीही गेली.

पाहुणे केककडे वळल्यावर मी हिरवळीचा तुकडा उलटा करून बघितला. खड्डा बुजवला की त्यावर हिरवळीचं आधीच कापून ठेवलेलं चौकोनी ढेकूळ परत बसवतात. ऑक्टोबरपासून ते तिथे असतं तर त्याची मुळं खालच्या मातीत शिरली असती आणि उचलताना फाटली असती. एस्बेननं ते पायपुसण्यासारखं अलगद उचललं होतं. खालून मुळं फावड्यानं सपाट कापलेली होती, आणि कापलेल्या टोकांना नवा फुटवा नव्हता. कडाही पिवळ्या पडल्या होत्या. म्हणजे पाऊस थांबल्यानंतर, या कोरड्या जूनमध्येच कुणीतरी खड्डा उघडून पुन्हा बंद केला होता.

मी चौघांना स्वयंपाकघरात बोलावलं: इंगेलीसे, तिचा भाचा एस्बेन, सुनेवा आणि मेरेटे.

"शेड कुजली नाही," मी म्हणाले. "ती कुणीतरी बाहेर काढली आहे. का काढली ते कळेपर्यंत मी सही करणार नाही."

"माझी बोट सकाळची आहे," मेरेटे म्हणाली. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती, जणू आता तीही कुणी उचलेल.

"अगं, घुशीनं नेली असेल!" इंगेलीसे म्हणाली. "दूध लावलेलं असतं त्याला."

"घूस हिरवळ परत नीट बसवून जात नाही," एस्बेन म्हणाला. "तुझ्या बागेतली घूससुद्धा नाही, आत्या."

प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बघत होता.

बाहेर पडताना एस्बेननं माझा दंड धरून मला जिन्याखाली नेलं. "मी चहाडी करत नाही," तो म्हणाला, आणि त्यानं ती केली. "गेल्या आठवड्यात सुनेवा सकाळी सकाळी बागेत फावडं घेऊन उभी होती. मी माझ्या खिडकीतून बघितलं. आणि हे बघ."

त्यानं जिन्याखालचा पडदा सारला. बादल्यांच्या मागे नावेच्या व्हार्निशचा डबा होता. वर जाड अक्षरात लिहिलं होतं: सुनेवा.

३

सुनेवा फेरो बेटांवरची. इथे येण्याआधी ती नावांच्या गोदीत काम करायची. बेटावर तिला राहून बरीच वर्षं झाली, तरी दुकानात अजून कुणी ना कुणी विचारतोच, "काय गं, वाळवलेलं मटण संपलं का?" तीही हसून म्हणते, "संपलं, आता तुझी पाळी."

त्या दिवशी ती हसत नव्हती. ती भट्टीच्या दारात पाठ टेकून बसली होती.

"डबा माझाच," ती म्हणाली. "माझी छोटी नाव आहे धक्क्यावर. तिच्या वल्ह्यांसाठी आणला होता. दोन वल्ही रंगवली, आणि परत बघते तर डबा अर्ध्याहून खाली. मला वाटलं झाकण सैल राहिलं, वाळून गेलं."

"व्हार्निश वाळलं तर डब्याच्या कडेनं साय धरतं. तुझ्या डब्यात साय नाही."

"म्हणजे कुणीतरी ओतून घेतलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला वाटतं ते मीच."

"फावड्याचं काय?"

"बटाटे! नवे बटाटे काढत होते. त्या पोराला त्याच्या कोपनहेगनमध्ये बटाटे पिशवीत उगवतात असं वाटतं." मग आवाज उतरला. "आस्ता, मी लपवलं असतं तर मला डबा फेकायचं नसतं सुचलं? माझं नाव लिहून ठेवेन त्याच्यावर?"

हा मुद्दा चांगला होता. पण चांगला मुद्दा आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाबरलेली माणसं चांगले मुद्दे फार पटकन शोधतात.

ती गेल्यावर मी गेल्या शरदातली एक शेड फळीवरून उतरवली. गवताचे धागे आतून काळ्या रेषांसारखे दिसत होते, आणि दिव्यावर धरली की त्या रेषा वाऱ्यावर हलल्यासारख्या वाटत होत्या. इतकी सुंदर वस्तू जाळायची म्हणजे जिवावर येतं. मी सुई ज्योतीवर लाल केली आणि शेडच्या आतल्या कडेला टोचली. दुधाचा लेप असेल तर करपलेल्या दुधाचा, जळलेल्या केसांचा वास येतो.

आलेला वास नाकात झोंबला. गोदीत उन्हाळ्यात येतो तसा.

मग मी या वसंतातली शेड घेतली. तीच सुई, तेच टोचणं. या वेळी करपलेलं दूध.

शरदातल्या आणखी शेड्स टोचल्या. सगळ्या झोंबल्या. म्हणजे एक चुकार शेड नव्हती, लेपाच्या अख्ख्या हंडीतच व्हार्निश होतं. असली शेड मातीत वर्षानुवर्षं तशीच राहिली असती. तिला उकरून नेण्याचं कारण आता मला कळलं होतं. आणि दोन्ही वेळेला लेप लावणारे हात सुनेवाचेच होते.

हे मी कुणालाच सांगितलं नाही.

४

एस्बेन अंगणात शेकोटीसाठी लाकडं रचत होता. ढिगाच्या टोकावर, सणाच्या रिवाजाप्रमाणे शेकोटीत जाळायची चिंध्यांची चेटकीण बसली होती, तिला त्यानं स्वतःचा जुना शर्ट घातला होता.

"तुला काय फायदा?" मी सरळ विचारलं.

"मला? मी डिझाइन करतो आणि शनिवार-रविवारी इथे येऊन मासे खातो." त्यानं एक फांदी गुडघ्यावर मोडली. "हे बघ, मी पहिल्यापासून म्हणतोय, थोडं व्हार्निश घाला. जेवणाच्या टेबलावर म्हणालोय, सगळ्यांसमोर. आत्यानं मला महिनाभर जेवायला बोलावलं नाही. मी चोरून कशाला घालू? मी तर उघड भांडतो."

"शरदातल्या लेपाच्या वेळी तू इथे होतास?"

"साचे द्यायला आलो होतो. हवा इतकी ओली होती की शेड्स वाळेचनात. बाजारासाठी माल हवा होता आणि सगळ्यावर हिरवी बुरशी चढत होती, नको ती. सुनेवा रडकुंडीला आली होती. महिनाभर थांबू या म्हणत होती."

"आणि वसंतात?"

"वसंतात आत्या दवाखान्यात, कमरेसाठी. सुनेवानं एकटीनं सगळं केलं. कोरडी हवा होती, भराभर वाळलं."

त्याच्या बोलण्यातून दोन वाटा निघत होत्या. वसंतात व्हार्निश नव्हतं, कारण हवा कोरडी होती आणि सुनेवाला त्याची गरज पडली नाही. किंवा वसंतात व्हार्निश नव्हतं, कारण वसंतात इंगेलीसे नव्हती. दोन्ही स्पष्टीकरणं सगळ्या गोष्टींना सारखीच बसत होती. असं झालं की आम्हाला शिकवतात, विचार थांबवा आणि नवा प्रयोग करा.

मेरेटे बागेतल्या बाकावर फोनवर बोलत होती. मला बघून तिनं फोन बंद केला.

"मला विचारायचं असेल तर विचार," ती म्हणाली. "शेड खराब निघाली असती तर मला करार मोडता आला असता, किंवा स्वस्तात करता आला असता. पण ती बाहेर आलीच नाही. रिकाम्या खड्ड्याचा मला काय उपयोग? मला तर आज दुपारपर्यंत सगळं सुरळीत वाटत होतं. तूच घोळ घातलास."

तेही बरोबरच होतं.

शेवटी मी इंगेलीसेकडे गेले. तिनं मला बसवलं, राईच्या ब्रेडवर हेरिंग आणि कांदा घालून पुढे ठेवलं. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कचऱ्याच्या डब्यांची अख्खी रांग आहे: काच, कागद, पत्रा, प्लास्टिक, खरकटं, सगळ्यात शेवटी उरलेला कचरा. प्रत्येकावर तिच्या हातानं काढलेलं चित्र. बेटावरच्या शाळेत कुठलं काय कशात टाकायचं हे शिकवायला वर्षानुवर्षं तिलाच बोलावतात. टी-बॅगची पिनसुद्धा ती काढून पत्र्याच्या डब्यात टाकते.

"सुनेवा गुणी आहे," ती म्हणाली. "माझ्या पोटची असती तरी तिच्यासाठी इतकं केलं नसतं मी. पण ती फेरोची, आस्ता. तिथे सारखा पाऊस. लाकूड दिसलं की व्हार्निश, अशी त्यांना सवय. वाईट हेतू नसणार तिचा."

मी ब्रेडचा घास तसाच धरून ठेवला. व्हार्निशचं मी तिच्याशी बोलले नव्हते. एस्बेननं सांगितलं असेल? असू शकेल. या घरात भिंतीही ऐकत होत्या. पण बचाव करता करता तिनं त्या मुलीला आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभं केलं होतं, आणि वर मायेचा हातही फिरवला होता.

मला काय करायचं ते डब्यांच्या त्या रांगेकडे बघताना सुचलं.

५

प्रयोग अगदी साधा होता. शेड पुरण्याऐवजी टाकायला द्यायची.

मी स्वयंपाकघराच्या टेबलावर शरदातल्या शेडचे तुकडे करत बसले. प्रयोगशाळेसाठी नमुने, असं सांगितलं. हात चुऱ्यानं माखलेले. जो कोणी येईल त्याला बोलण्याच्या ओघात एक मोठा तुकडा द्यायचा: "हे जरा टाक ना."

आधी एस्बेन काड्यापेटी शोधत आला. मी त्याला चेटकिणीबद्दल विचारलं. तो सांगत होता, की ती यंदा मेरेटेसारखी दिसते. मी तुकडा पुढे केला. त्यानं बोलता बोलता दार उघडलं, तुकडा बाहेर कंपोस्टच्या ढिगावर भिरकावला आणि काड्यापेटी घेऊन गेला.

मेरेटे पाणी प्यायला आली. तिनं तुकडा घेतला, सगळ्या डब्यांवरची चित्रं वाचली, गोंधळली आणि म्हणाली, "खरकट्यात, नाही का? हे तर कुजतं." मग टाकला.

सुनेवा आली तेव्हा मी तिला नव्या बटाट्यांत शेपू घालतात की नाही असं विचारलं. "शेपू आणि लोणी, बाकी काही घातलं तर तुला बेटावरून हाकलतील," ती म्हणाली. तिच्या हातात तुकडा दिला. तिनं तो दाराबाहेर ढिगावर नेऊन चिमटीनं कुस्करला, गांडुळांना सोपं जावं म्हणून.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कंपोस्टमध्ये टाकण्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. निर्दोष माणूसही तेच करेल आणि सावध असलेला दोषीही. हा प्रयोग कुणालाच सोडवू शकत नव्हता. तो फक्त एका बाजूनं बोलू शकत होता, आणि तेही जर कुणी दुसऱ्या डब्याकडे गेलं तर.

इंगेलीसे आली ती टेबलावरचा पसारा बघून रागावतच. "अगं, वर्तमानपत्र तरी अंथरायचं खाली! आणि हेरिंग तसंच? आवडलं नाही का?"

"आवडलं. बाहेर इतकी माणसं आहेत, केक उरला का गं?"

"उरतोय कसला. त्या म्हाताऱ्यानं चार तुकडे खाल्ले आणि पाचवा बायकोसाठी म्हणून नेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्याची."

"हे जरा टाक ना."

तिनं तुकडा घेतला. बोलतच होती, म्हाताऱ्याबद्दल. दाराशी कंपोस्टची बादली होती, ती ओलांडून गेली. खरकट्याचा डबा ओलांडला. रांगेच्या शेवटी जाऊन पायानं झाकण उघडलं आणि तुकडा उरलेल्या कचऱ्यात टाकला. झाकण पडलं. मग नळाखाली हात धुतले.

हात पुसता पुसता ती थांबली. पंचा तिच्या हातात तसाच राहिला. ती वळून डब्याकडे बघत होती.



६

"कसं कळलं तुला?" ती म्हणाली.

"अजून नव्हतं कळलं. आत्ता कळलं."

मी बाकीच्या तिघांना बोलावलं आणि सगळं सांगितलं, जसं प्रयोगाच्या टिपणात लिहितात तसं, एकामागून एक. शरदातल्या लेपात व्हार्निश आहे, वसंतातल्या नाही. दोन्ही वेळी सुनेवा होती, इंगेलीसे फक्त शरदात होती. डबा जिन्याखाली कुणालाही मिळण्यासारखा होता. खड्डा या जूनमध्ये उघडला गेला. आणि आता, बिसगोरची शेड टाकायची वेळ आली तेव्हा, ती कुजणार नाही असं या घरात फक्त एकाच्या हाताला माहीत होतं.

"हा काय पुरावा झाला का!" एस्बेन उसळला. "आत्या थकली आहे. चुकून टाकलं असेल!"

"आत्यानं आयुष्यात कधी काही चुकीच्या डब्यात टाकलंय?" सुनेवानं विचारलं.



"शेड कुठे आहे?" मी इंगेलीसेला विचारलं.

"कचरा केंद्रावर. सायकलच्या टोपलीतून नेली. उरलेल्या कचऱ्याच्या पेटीत." तिनं नाक पुसलं. "इथल्या ढिगात कशी टाकणार? त्यात व्हार्निश होतं. सगळं खत नासलं असतं. जाळवलंही नाही, धूर कसला निघाला असता."

मेरेटे पुटपुटली, "देवा रे." इंगेलीसेनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"शरदात शेड्सवर हिरवं चढलं. बाजार तोंडावर आलेला. सुनेवा थांबू या म्हणत होती. तीस वर्षांत बिसगोरचा माल कधी चुकला नव्हता. ती जेवायला गेल्यावर मी हंडीत ओतलं. एकदाच. वाटलं, पातळ करून घातलं तर जाईल मातीत, थोडं उशिरा. पुरताना मीच मनाला समजावलं. मग या महिन्यात राहवेना. उकरून बघितली तर नुसती माती झटकली आणि जशीच्या तशी. चमकत होती गं ती!"

"आणि धागे?" मी विचारलं. "गवताचे धागे उरतात हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं. पण केक खायला येणाऱ्यांना कुठे माहीत? गवत पहिल्यांदाच होतं. तू येणार हे मला आज सकाळी कळलं, तेव्हा खड्डा बुजवून झाला होता."

बाहेर लोक शेकोटीभोवती जमायला लागले होते, कुणीतरी गाण्याचा सूर लावून बघत होतं. उजेड अजून दुपारसारखाच होता.

सुनेवा पहिल्यांदाच इंगेलीसेच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "व्हार्निशचं सोड," ती म्हणाली. "दुपारपासून सगळे माझ्याकडे बघतायत. एस्बेननं माझा डबा दाखवला. तू आस्ताला सांगितलंस, फेरोच्या लोकांना सवयच असते. मी सगळं ऐकलं, खिडकी उघडी होती. तू गप्प का बसलीस, ते सांग."

इंगेलीसेनं हातातल्या पंचाची घडी घातली. "तू तरुण आहेस," ती म्हणाली. "तुला कुठेही काम मिळालं असतं. गोदीत परत घेतलं असतं. मला दुसरं नाव कुठून मिळणार होतं?"

"म्हणजे माझं गेलं तरी चालणार होतं."

"मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हणालीस."



सुनेवा मेरेटेकडे वळली. "शरदातला माल परत मागवणार आहे, विकला गेलेला सगळा. वसंतातला बघायचा असेल तर उद्या बघ."

मेरेटेनं माझ्याकडे बघितलं. "वसंतातल्यावर तू सही करशील?"

"आणखी तपासून. पण करेन, असं वाटतं."

"तर मी अर्ध्या खोल्यांपुरता करार करेन, आणि उरलेल्या पुढच्या उन्हाळ्यानंतर." मेरेटे उठली, पर्स सावरली. "खोक्यावर मात्र बिसगोर हवं. आमच्या पाहुण्यांना तेच नाव माहीत आहे."

"ते नाही मिळणार," सुनेवा म्हणाली.

"मग अर्ध्याहून कमी खोल्या."

"चालेल."

इंगेलीसे खुर्चीत ताठ झाली. "तू वर्कशॉप घेणार? आणि नाव नाही?"

"वर्कशॉप घेणार. साचे, भट्टी, गवत सगळं. नाव तुझ्याकडेच ठेव, तुला त्याची गरज लागणार आहे." सुनेवानं भिंतीवरच्या कपाटातून शरदातल्या गिऱ्हाइकांची कार्डं काढली आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवली. "या घरांमध्ये त्या शेड्स आहेत. कुणीतरी बागेत पुरली असेल, आणि वाट बघत असेल. त्यांना तूच सांग. मी नाही सांगणार, आणि आस्तानंही सांगायचं नाही."

"आज सांक्त हान्स आहे गं. कुणी घरी नसेल."

"मग उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेरेटेची बोट सुटायच्या आधी, रात्री वसंतातल्या बाकीच्या शेड्स तपासून झाल्यावर, मी सही करायला वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा दार उघडं होतं. सुनेवा भट्टीत साचे लावत होती आणि मागे वळून बघत नव्हती. स्वयंपाकघरात इंगेलीसे फोनजवळ बसली होती. समोर कॉफी न पिता गार झालेली. तिनं नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला, आणि तिनं पाठ सरळ करून आपलं पूर्ण नाव सांगितलं.